जड धातूंचा संपर्क आणि प्रौढांच्या रक्तातील युरिक आम्ल : मंगरूळपीर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर हे तालुक्याचे ठिकाण असून सोयाबीन, तूर व कापूस ही या परिसराची प्रमुख पिके आहेत. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. गेल्या काही दशकांत तालुक्याच्या गावांपर्यंत रक्ततपासणीची सोय पोहोचली आणि 'युरिक ॲसिड वाढले' हे वाक्य सामान्य माणसाच्या बोलण्यात आले. सांधा दुखू लागला की तपासणी होते, अहवालातील आकडा मर्यादेबाहेर निघाला की पथ्य सुरू होते आणि हे पथ्य बहुधा वरणापासून सुरू होते. तूरडाळ बंद, हरभरा बंद, आंबट बंद, असा सल्ला शेजारीपाजारी व नातेवाईकही देतात. तुरीच्या पट्ट्यात राहणाऱ्या, मांसाहार क्वचितच करणाऱ्या कुटुंबाच्या ताटातून डाळ गेली तर प्रथिनांचे मुख्य साधनच गेले, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही.

युरिक आम्ल वाढण्याचे कारण नेहमी ताटातच असते असे नाही. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांसारख्या धातूंचा शरीराशी येणारा संपर्क हे त्याचे एक कारण असू शकते आणि शिशाच्या बाबतीत तर वैद्यकशास्त्राला हा संबंध दीडशे वर्षांहून अधिक काळ ज्ञात आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचे स्वरूप, त्यामागील शरीरक्रिया आणि ग्रामीण विदर्भातील दैनंदिन जीवनाशी असलेले त्याचे नाते यांचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. शरीरातील युरिक आम्लाची निर्मिती व उत्सर्जन यांची प्रक्रिया समजून घेणे.
२. जड धातूंचा युरिक आम्लाच्या पातळीवर होणारा परिणाम उपलब्ध संशोधनाच्या आधारे स्पष्ट करणे.
३. मंगरूळपीरसारख्या परिसरात जड धातूंच्या संपर्काच्या संभाव्य वाटा शोधणे.
४. रुग्ण, कारागीर व कुटुंबे यांच्यासाठी व्यवहार्य उपाययोजना सुचविणे.

अभ्यास पद्धती

प्रस्तुत लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्यासाठी वैद्यकीय व पर्यावरणविषयक प्रकाशित संशोधन या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

युरिक आम्ल : निर्मिती व उत्सर्जन

पेशींच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्यात ॲडेनीन व ग्वानीन हे प्युरीन गटातील घटक असतात. जुन्या पेशी नष्ट होताना, तसेच अन्नातील प्युरीनचे विघटन होताना, झँथीन ऑक्सिडेज या विकराच्या साहाय्याने शेवटी युरिक आम्ल तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये युरिकेज नावाचे विकर या आम्लाचे अधिक विद्राव्य पदार्थात रूपांतर करते. मानवाच्या शरीरात हे विकर कार्यरत नाही. म्हणून मानवाच्या रक्तातील युरिक आम्लाची पातळी इतर प्राण्यांपेक्षा मुळातच जास्त असते आणि ते बाहेर टाकण्याच्या कामात थोडासाही अडथळा आला तरी ती मर्यादा ओलांडते.

शरीरातील युरिक आम्लाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शरीराच्या स्वतःच्या पेशींतून निर्माण होतो, तर सुमारे एक तृतीयांश भाग आहारातून येतो. उत्सर्जनाचा विचार केल्यास सुमारे दोन तृतीयांश युरिक आम्ल मूत्रपिंडावाटे व उर्वरित आतड्यावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडात रक्त गाळले जाते तेव्हा युरिक आम्लही गाळले जाते, परंतु त्यातील सुमारे ९० टक्के भाग मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागात पुन्हा रक्तात शोषला जातो. हे काम करणाऱ्या वाहक प्रथिनांपैकी एक महत्त्वाचे प्रथिन २००२ मध्ये ओळखले गेले. मूत्रनलिकेचा हा प्रारंभीचा भाग पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण शिसे व कॅडमियम नेमके याच भागातील पेशींत साठतात.

साधारणपणे पुरुषांमध्ये प्रति डेसीलिटर ७ मिलिग्रॅम व स्त्रियांमध्ये ६ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. पातळी ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेली की युरिक आम्लाचे क्षार स्फटिकरूपाने सांध्यात बसण्याची शक्यता निर्माण होते. पायाच्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल होऊन सुजतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. या विकाराला गाऊट म्हणतात. आयुर्वेदातील 'वातरक्त' या व्याधीचे वर्णन त्याच्याशी बरेच जुळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसावा अध्याय वातरक्तावर आहे. युरिक आम्ल वाढलेल्या प्रत्येकाला गाऊट होतोच असे नाही, मात्र बहुसंख्य रुग्णांमध्ये मूळ दोष जास्त निर्मितीचा नसून अपुऱ्या उत्सर्जनाचा असतो, ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

शिसे व गाऊट : संबंधाचा इतिहास

लंडन येथील वैद्य आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८४८ मध्ये गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेले असते हे दाखवून दिले. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले. रुग्णालयात येणाऱ्या गाऊटच्या रुग्णांमध्ये घरांना रंग देणारे आणि शिशाच्या नळांचे काम करणारे कामगार मोठ्या संख्येने होते. गाऊट हा खाऊनपिऊन सुखी असलेल्या श्रीमंतांचा आजार समजला जात असताना गरीब कामगारांमध्ये तो का आढळावा, या प्रश्नाचे उत्तर त्यांना त्यांच्या व्यवसायात सापडले. पुढे शिशामुळे होणाऱ्या गाऊटला स्वतंत्र नावच मिळाले.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात घरांच्या लाकडी व्हरांड्यांना शिशाचा रंग दिला जाई. तेथील मुलांना होणाऱ्या विषबाधेचे मूळ या रंगात आहे हे लॉकहार्ट गिब्सन या वैद्यांनी १९०४ मध्ये दाखवले. त्या पिढीतील अनेकांना प्रौढपणी मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडला व त्यांपैकी बऱ्याच जणांना गाऊटही झाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकात मोटारींच्या जुन्या रेडिएटरमधून गाळलेली बेकायदा दारू पिणाऱ्यांमध्ये असाच गाऊट आढळला. रेडिएटरच्या डागकामातील शिसे दारूत उतरत होते. कामगार, मुले व मद्यपी या तिन्ही गटांची राहणी भिन्न होती, परंतु शिसे, मूत्रपिंड व युरिक आम्ल ही साखळी सर्वत्र सारखीच होती.

अल्प प्रमाणातील शिसे : आधुनिक संशोधन

वरील उदाहरणे मोठ्या विषबाधेची आहेत. कमी प्रमाणातील शिशाचाही परिणाम होतो का, हा अलीकडच्या संशोधनाचा विषय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणातील २००५ ते २००८ या काळातील माहितीचे विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४० वर्षे व त्यावरील ६,१५३ व्यक्तींचा समावेश होता. रक्तातील शिशाच्या प्रमाणानुसार त्यांचे चार गट करण्यात आले. सर्वांत खालच्या गटात शिशाचे सरासरी प्रमाण प्रति डेसीलिटर ०.८९ मायक्रोग्रॅम, तर सर्वांत वरच्या गटात ३.९५ मायक्रोग्रॅम होते. खालच्या गटात गाऊटचे प्रमाण १.७६ टक्के, तर वरच्या गटात ६.०५ टक्के आढळले. इतर घटकांचा विचार करूनही वरच्या गटात गाऊटची शक्यता सुमारे साडेतीन पट व युरिक आम्लवाढीची शक्यता जवळजवळ दुप्पट होती.

या आकड्यांचे महत्त्व समजण्यासाठी एक तुलना उपयुक्त ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार रक्तातील शिसे ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक असल्यास त्याचा उगम शोधून तो दूर करावा. म्हणजे वरील अभ्यासातील सर्वाधिक शिसे असलेल्या गटाची सरासरीही या मर्यादेच्या आतच होती. शिशाची पूर्णतः सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे ही संघटना म्हणते, ते का, हे यावरून स्पष्ट होते.

परिणाम घडून येण्याची प्रक्रिया

शिसे श्वासावाटे किंवा पोटावाटे शरीरात येते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांमध्ये साधारण दहा टक्के शोषले जाते, मुलांमध्ये हे प्रमाण पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. रक्तातील शिसे महिन्याभरात निम्मे होते, परंतु ते सर्व शरीराबाहेर जात नाही. प्रौढांच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठते व तेथे ते दशकानुदशके राहते. वार्धक्यात किंवा रजोनिवृत्तीनंतर हाडे झिजू लागली की हा साठा पुन्हा रक्तात उतरतो. त्यामुळे तरुणपणी बॅटरीचे काम करून ते सोडलेल्या माणसाला त्याचे परिणाम साठीत भोगावे लागू शकतात.

मूत्रनलिकेच्या प्रारंभीच्या भागातील पेशींत शिसे साठले की युरिक आम्ल बाहेर टाकण्याची मूत्रपिंडाची क्षमता घटते. दीर्घ संपर्कात मूत्रपिंडाच्या ऊती हळूहळू कडक होऊन गाळण्याचे कामही मंदावते. तैवानमधील संशोधकांनी २००१ मध्ये मूत्रपिंडाचा जुनाट विकार व गाऊट असलेल्या रुग्णांवर शिसे बांधून बाहेर काढणाऱ्या औषधाचा प्रयोग केला, तेव्हा युरिक आम्लाच्या उत्सर्जनात सुधारणा दिसून आली. हे औषधोपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचे असतात. परंतु शिसे कमी होताच उत्सर्जन सुधारते, यावरून कार्यकारणसंबंधाला बळकटी मिळते.

कॅडमियमची वाट काहीशी निराळी आहे. हा धातू मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षांपर्यंत राहतो. त्याच्या अल्प संपर्काचा युरिक आम्लवाढीशी संबंध काही पाहण्यांत आढळला आहे. मात्र जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात झाली तशी तीव्र विषबाधा झाल्यास मूत्रनलिका इतक्या निकामी होतात की युरिक आम्ल परत शोषलेच जात नाही व रक्तातील पातळी उलट खाली येते. म्हणून युरिक आम्ल कमी आहे एवढ्यावरून मूत्रपिंड निरोगी आहे असे मानता येत नाही. आर्सेनिकाबाबत अमेरिकेतील २००३ ते २०१० या काळातील सर्वेक्षणाच्या विश्लेषणात पुरुषांमध्ये युरिक आम्लवाढीशी संबंध दिसून आला. पाऱ्याविषयीचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. थोडक्यात, पुरावा शिशाबाबत सर्वांत भक्कम आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्रात या विषयावर उल्लेखनीय काम कराड येथील कृष्णा वैद्यकीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी बनविणारे कामगार, चांदीचे दागिने घडविणारे कारागीर आणि फवाऱ्याने रंगकाम करणारे रंगारी या तीन गटांची तपासणी करण्यात आली. यकृत व मूत्रपिंड यांच्या कार्यावर शिशाचा काय परिणाम होतो हे पाहणे हा त्याचा हेतू होता. तिन्ही गटांच्या रक्तात शिशाचे प्रमाण सर्वसाधारण व्यक्तींच्या तुलनेत लक्षणीयरीत्या अधिक आढळले. गॅरॉड यांनी लंडनमध्ये ज्या रंगाऱ्यांविषयी लिहिले, त्यांचेच व्यवसायबंधू दीडशे वर्षांनंतर महाराष्ट्रात त्याच धोक्यात होते, हे या अभ्यासाचे सार म्हणता येईल.

या दरम्यान धोरणात्मक पातळीवर काही चांगले निर्णय झाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाच्या विषबाधेचा अधिसूचनीय रोगांत समावेश करण्यात आला होता. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. घरगुती रंगांमधील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये होऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. बॅटरींच्या हाताळणीसाठी २००१ चे नियम होते, त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. तथापि कारखान्यांसाठी केलेला कायदा दोन-तीन माणसांच्या दुकानापर्यंत पोहोचत नाही आणि तालुक्याच्या गावातील बहुतेक काम अशाच दुकानांत चालते.

मंगरूळपीर परिसरातील संपर्काच्या संभाव्य वाटा

कोणत्याही कृषिप्रधान तालुक्याच्या गावात आढळणारे व्यवसाय, सण व सवयी यांचा विचार केल्यास जड धातूंच्या संपर्काच्या पुढील वाटा संभवतात.

बॅटरी व गॅरेजकाम : ट्रॅक्टर, मोटारसायकल, इन्व्हर्टर आणि आता ई-रिक्षा यांमुळे बॅटरींचा वापर वाढला आहे. या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे व त्याची संयुगे यांचा असतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या भट्टीवरही ते वितळवता येते. या सोयीमुळेच जुन्या प्लेटा उघड्यावर वितळवण्याचा मोह होतो. धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसात जातात आणि कपड्यांवरील धूळ घरातील मुलांपर्यंत पोहोचते. रेडिएटरचे डागकाम, जुना रंग खरवडणे व फवाऱ्याने रंग देणे ही कामेही याच प्रकारात मोडतात.

भांडी : तांब्यापितळेच्या भांड्यांना शुद्ध कथिलाची कल्हई केली तर अन्न सुरक्षित राहते. कथिलात स्वस्त शिसे मिसळलेले असेल तर आंबट वरण, ताक, चिंचेचे सार यांमध्ये ते उतरते. भंगारातून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांतूनही शिसे अन्नात उतरू शकते.

शेंदूर व रंग : मारुती, म्हसोबा यांच्या मूर्तींना लावला जाणारा पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे. तो देवाला लावण्यात धोका नाही, परंतु तोच हात तोंडात जाणे किंवा मुलांनी तो चाटणे धोक्याचे आहे. पोळ्याला बैलांची शिंगे साळून रंगवली जातात. रंग शिशाचा असेल तर पुढच्या वर्षी तो खरवडताना धूळ उडते व ती शेतकऱ्याच्या नाकातोंडात जाते.

हळद : वाशिम व शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात हळदीचे पीक महत्त्वाचे आहे. हळदकुंडांना झळाळी आणण्यासाठी शिशाचा क्रोमेट हा पिवळा रंग वापरला जात असल्याचे बांगलादेशातील संशोधनातून २०१९ मध्ये पुढे आले. घरच्या शेतातील किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची हळकुंडे घेऊन ती दळून आणण्याची जुनी रीत या दृष्टीने अधिक सुरक्षित ठरते.

सांधेदुखीवरील पुड्या : रसशास्त्रात नागभस्म म्हणजे शिशाचे भस्म व त्रिवंग भस्म यांचा उपयोग सांगितला आहे. त्यांचे शोधन, मारण व मात्रा यांविषयी कडक नियम आहेत. ही औषधे शिकलेल्या वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. प्रश्न आहे तो बाजारात, जत्रेत किंवा टपालाने मिळणाऱ्या, घटकांची नोंद नसलेल्या पुड्यांचा. अमेरिकेतील बोस्टन शहरात विक्रीस असलेल्या आयुर्वेदिक म्हणविल्या जाणाऱ्या ७० उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. सांधा दुखतो म्हणून घेतलेल्या पुडीत शिसे असेल तर ते मूत्रपिंडात साठून युरिक आम्ल आणखी वाढवील. म्हणजे रोगाचे औषधच रोगाचे कारण बनेल.

तंबाखू व खते : तंबाखूचे झाड जमिनीतील कॅडमियम पानांत ओढून घेते. त्यामुळे विडी वा सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात कॅडमियमचे प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा कित्येक पट असते. विदर्भात सर्रास खाल्ल्या जाणाऱ्या खर्ऱ्यातही हीच तंबाखू असते. स्फुरदयुक्त खतांमध्ये खनिजाच्या उगमानुसार कमीअधिक कॅडमियम असते. विदर्भातील काळी जमीन अल्कधर्मी व चुनखडीयुक्त असल्याने ते बऱ्याच अंशी जखडून ठेवते. म्हणून शेतातील धान्याविषयी घाबरण्यापेक्षा विडी सोडणे अधिक फलदायी आहे.

आहार, पथ्य आणि एक दुष्टचक्र

आता पथ्याच्या प्रश्नाकडे वळता येईल. डाळीत प्युरीन असते हे खरे आहे. परंतु २००४ मध्ये अमेरिकेत ४७,१५० पुरुषांचा बारा वर्षे मागोवा घेऊन प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस व मासे अधिक खाणाऱ्यांमध्ये गाऊटचा धोका वाढलेला दिसला. प्युरीनयुक्त वनस्पतिजन्य अन्न व एकूण प्रथिने यांच्याशी मात्र तसा संबंध आढळला नाही. दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांमध्ये तर धोका कमी होता. मद्य, विशेषतः बिअर, आणि साखरेची शीतपेये यांचा दोष डाळीपेक्षा कितीतरी अधिक आहे.

डाळ सोडण्याचा तोटा केवळ प्रथिनांपुरता नाही. शाकाहारी कुटुंबात लोहाचा बराच भाग डाळी व कडधान्यांतून मिळतो आणि लिंबू, आवळा यांतील क जीवनसत्त्व त्याच्या शोषणास मदत करते. शरीरात लोह कमी पडले की आतड्यातील लोह वाहून नेणारी यंत्रणा अधिक सक्रिय होते आणि हीच यंत्रणा कॅडमियम व शिसेही आत घेते. पंडुरोग असलेल्या स्त्रियांच्या शरीरात कॅडमियम अधिक साठण्याचे हे एक कारण मानले जाते. कॅल्शियमची कमतरताही शिशाचे शोषण वाढवते. म्हणजे युरिक आम्ल वाढले म्हणून डाळ व लिंबू दोन्ही बंद करणारी, आधीच अशक्त असलेली गृहिणी धातूंसाठी दार अधिक उघडे करते आणि मूळ कारण तसेच राहते. पथ्याच्या नावाखाली चालणारे हे दुष्टचक्र थांबविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष काढताना घ्यावयाची दक्षता

जड धातू हे युरिक आम्लवाढीचे एकमेव किंवा सर्वांत सामान्य कारण आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. आनुवंशिकता, लठ्ठपणा, मद्यपान, मूत्रपिंडाचे इतर विकार, रक्तदाबावरील काही मूत्रल औषधे आणि अल्प मात्रेतील ॲस्पिरिन यांमुळेही पातळी वाढते. तसेच वर दिलेली बहुतेक सर्वेक्षणे एका वेळच्या पाहणीवर आधारित आहेत. मूत्रपिंड आधीच दुबळे असेल तर शिसे व युरिक आम्ल दोन्ही शरीरात साठू शकतात, हीही शक्यता लक्षात घ्यावी लागते. मात्र कामगारांमधील जुनी निरीक्षणे, हाडांत साठलेल्या शिशावरील अभ्यास आणि शिसे काढल्यानंतर सुधारणारे उत्सर्जन हे तिन्ही पुरावे एकाच दिशेने निर्देश करतात.

काही परिस्थितीत शिशाचा संशय विशेषत्वाने घ्यावा. स्त्रियांमधील इस्ट्रोजेन हे संप्रेरक युरिक आम्ल बाहेर टाकण्यास मदत करते. त्यामुळे रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रीला गाऊट होणे विरळ आहे. तो झाल्यास, किंवा गाऊटपूर्वीच मूत्रपिंड दुबळे झालेले असल्यास, किंवा पोटात वारंवार कळा, पंडुरोग, उच्च रक्तदाब व हिरड्यांवर निळसर रेघ अशी लक्षणे सोबत असल्यास रक्तातील शिशाची तपासणी करून घेणे योग्य ठरते. ही तपासणी साध्या प्रयोगशाळेत होत नाही. तिच्यासाठी विशेष उपकरणे व धातूविरहित नळी लागते. म्हणून नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो.

उपाययोजना

१. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत 'तुझा व्यवसाय कोणता?' या प्रश्नाची भर घातली. युरिक आम्ल वाढलेल्या प्रत्येक रुग्णाला आजचे व पूर्वीचे काम, घेतलेली औषधे, घरातील भांडी व तंबाखूची सवय यांविषयी विचारले जावे.
२. बॅटरी, रेडिएटर व रंगकाम करणाऱ्यांनी कामाच्या जागी खाऊ-पिऊ नये, विडी ओढू नये, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे घरी नेऊ नयेत व ते वेगळे धुवावेत. जुन्या बॅटरी न फोडता अधिकृत संकलनासाठी द्याव्यात.
३. कल्हई शुद्ध कथिलाची असल्याची खात्री करावी. आंबट पदार्थ स्टेनलेस स्टीलच्या किंवा मातीच्या, झिलई नसलेल्या भांड्यात ठेवावेत.
४. घटकांची नोंद, निर्मात्याचे नाव व परवाना क्रमांक नसलेली सांधेदुखीची औषधे घेऊ नयेत.
५. डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या विकारासाठी विशेष बंधन घातले नसेल तर डाळ, दूध, ताक, हिरव्या भाज्या व लिंबू यांचा आहारात समावेश ठेवावा. मद्य व साखरेची पेये टाळावीत आणि पुरेसे पाणी प्यावे.
६. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व गृहअर्थशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून गावातील व्यवसाय, भांडी व मसाले यांची पाहणी करावी. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने शिशाची मर्यादा प्रति लिटर ०.०१ मिलिग्रॅम व कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम ठरविली आहे. विंधन विहिरींचे नमुने या निकषावर तपासले जावेत.

समारोप

युरिक आम्लाचा आकडा हा केवळ जिभेच्या चोचल्यांचा हिशेब नाही. त्यात माणसाच्या हाताने केलेले काम, त्याने श्वासात घेतलेला धूर, त्याच्या स्वयंपाकघरातील भांडे आणि त्याने विश्वासाने घेतलेली पुडी यांचाही वाटा असू शकतो. शिसे व युरिक आम्ल यांचा संबंध दीर्घकाळ ज्ञात असूनही तो सामान्य माणसापर्यंत पोहोचलेला नाही. त्यामुळे बॅटरीच्या दुकानातील कारागीर वरण सोडतो, पण हात न धुता तंबाखू मळणे सोडत नाही. पहिल्या त्यागाने त्याचे पोषण घटते, तर दुसऱ्या सवयीने त्याच्या मूत्रपिंडाची हानी सुरूच राहते. मंगरूळपीरसारख्या परिसरात तपासणीच्या अहवालाबरोबर व्यवसायाची विचारपूस सुरू झाली, तर काही कुटुंबांच्या ताटात वरण परत येईल आणि काही मूत्रपिंडे वेळीच वाचतील.